कराचा दर कोडमध्येच कोरा

बिल काढणारं फंक्शन (प्रोग्रॅममधला एका कामाचा तुकडा) लिहायला बसलात ना? मग कराचा दर पॅरामीटर म्हणून, म्हणजे फंक्शन बोलावताना दर वेळी द्यायचा आकडा म्हणून, बाहेरून मागवायच्या भानगडीत पडू नका. थेट १८ लिहा आणि जेवायला जा. सरकारने एकदा ठरवलेला दर कधी बदलतो का?

सेवाकराचंच बघा. १२.३६ टक्के होता, तो १ जून २०१५ ला १४ झाला. त्याच नोव्हेंबरात स्वच्छ भारत उपकर लागून १४.५, पुढच्या जूनमध्ये कृषी कल्याण उपकराने १५, आणि १ जुलै २०१७ ला सेवाकरच गेला, जीएसटी आला. २५ महिन्यांत अवघे चार बदल! ज्यांनी दर एका जागी ठेवला होता ते एक आकडा बदलून सहाच्या ठोक्याला घरी गेले. कोडभर विखुरलेले आकडे शोधत रात्री दोनपर्यंत खुर्चीत बसलेले तुम्ही मॅनेजरला दिसलात. अप्रेझलला कोण आठवणार, सांगा.

खरी पर्वणी २०२५ ची. ३ सप्टेंबरला घोषणा, २२ ला, ऐन घटस्थापनेला, अंमल. एसी २८ वरून १८ वर, शाम्पू-टूथपेस्ट १८ वरून ५ वर. अशा वेळी फाइंड-रिप्लेससारखं हत्यार नाही. फक्त क्रम पाळा: आधी सगळ्या २८ चे १८ करा, मग सगळ्या १८ चे ५. एसीही पाच टक्क्यांत गेला की गिऱ्हाईक दुवा देईल (कर अधिकारी काय देईल ते नंतर बघू). त्याच फाइलमध्ये सज्ञान वयाची अट १८ म्हणून लिहिलेली असेल तर बालवाडीतली पोरंही खातं उघडतील. ग्राहकवाढ आणखी कशाला म्हणतात?

ऑगस्टमध्ये विकलेला एसी ऑक्टोबरात परत आला तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) जुन्या २८ टक्क्यांनीच निघायला हवी, म्हणजे दर बिलाच्या तारखेवर ठरतो, असं अकाउंट्सवाले सांगतील. त्यांना चहा पाजा.

एवढं वाचून कुणाला उपरती झालीच, तर त्याने दुसऱ्या टोकाला जावं. दर, सूट, राउंडिंग, सगळं पॅरामीटर. दिवसाचे तास पॅरामीटर, न जाणो उद्या पंचवीस झाले तर! टक्केवारी काढताना ज्याने भागायचं तो १०० सुद्धा. मग फंक्शन बोलावताना १८, १०, ट्रू, फॉल्स, फॉल्स, ट्रू अशी माळ ओढायची. त्यातला १८ कर की सूट, हे लिहिणाऱ्यालाही महिन्याने कळू नये. दोन्ही आकडेच, त्यामुळे अदलाबदल झाली तरी कंपायलर (कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) चकार शब्द काढत नाही.

मुरलेले लोक मात्र तिसरंच करतात. दर पॅरामीटर म्हणून घेतात, त्याला डिफॉल्ट (काहीच न पाठवल्यास धरायचा आकडा) १८ देतात आणि फंक्शन बोलावताना तो कुठेच पाठवत नाहीत. रिव्ह्यूमध्ये सीनियर खूश, कोड लवचिक, बिलं जशीच्या तशी. पुढचा दरबदल येईपर्यंत तुमचा नोटीस पीरियड संपलेला असतो.