काढा लसीची जागा घेत नाही

परसातल्या कोंबड्यांसाठी हळद, लसूण, आले आणि कडुनिंबाचा पाला उकळून केलेला काढा आठवड्यातून दोनदा पाजला की मानमोडी फिरकत नाही, देशी कोंबडीला लसीची गरजच नसते, लस म्हणजे अंड्यात उतरणारे रसायन आहे आणि रक्ती हगवण ताकाने थांबते, असा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या पुढे पाठवला जात आहे. त्यातली काही द्रव्ये उपयोगी आहेत, पण त्यांच्या आधारे केलेले दावे मात्र खुराडे रिकामे करू शकतात.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूचा आजार आहे. लसूण किंवा हळद यांच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या काचपात्रात जंतूंची वाढ रोखली, म्हणून पाण्यात मिसळलेला पातळ काढा पक्ष्याच्या शरीरात शिरलेल्या विषाणूला थोपवेल असे होत नाही. हळदीतला मुख्य घटक तर आतड्यातून फारच थोडा शोषला जातो. काढा दिल्यावर काही कोंबड्या जगल्या, हा अनुभव अनेकजण प्रामाणिकपणे सांगतात. परंतु आजारी कोंबडी दाणापाणी सोडते, त्यामुळे काढा मुख्यतः धडधाकट पक्षीच पितात, आणि साथीतून वाचलेल्यांचे श्रेय त्याला मिळते. लस न दिलेल्या कळपात तीव्र प्रकारच्या राणीखेतने बहुतेक सगळे पक्षी मरू शकतात, आणि देशी कोंबडी त्याला अपवाद नाही. ती उन्हापावसाला आणि अपुऱ्या खाद्याला काटक असते. या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती हा वेगळा विषय आहे.

लस अंड्यात उतरते, हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यामागची भीती खरी असून तिचा रोख चुकला आहे. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराची काळजी रास्त आहे. मांसासाठी आणि अंड्यांसाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर भारत सरकारने 2019 साली बंदी घातली ती याच कारणाने. पण लस हे प्रतिजैविक नव्हे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकली जाणारी लासोटा लस म्हणजे राणीखेतच्याच विषाणूचा सौम्य वाण असतो. त्याच्याशी झुंजून पक्षी स्वतःची प्रतिकारशक्ती घडवतो. जो प्रतिजैविके टाळू इच्छितो, त्याने तर कोंबड्यांना लस आधी द्यावी, कारण आजारच आला नाही तर औषधाची वेळ येत नाही.

रक्ती हगवणीचे कारण आतड्यात वाढणारे एकपेशीय परजीवी आहेत. त्यांची बीजे विष्ठेतून पडतात आणि खुराड्यात अंथरलेल्या तुसाच्या ओलसर, उबदार गादीत एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात. ताक पिल्लांना चालते, पण ते या परजीवीला मारत नाही. इथे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने अँप्रोलियम हे औषध पाण्यातून द्यावे लागते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तूस कोरडे ठेवावे, भांड्याभोवतीची ओली गादी रोज काढून टाकावी.

वनस्पतींचे खरे काम दुसरीकडे आहे. शेवग्याचा पाला उत्तम पूरक खाद्य आहे, राखेत लोळल्याने उवा कमी होतात, आणि खुराड्याच्या फटींतल्या गोचिडांवर कडुनिंबाचे तेल लावता येते. तंबाखूचे पाणी मात्र अंगावर शिंपडू नये. निकोटिन पक्ष्यालाही विषारी आहे. अचानक मोठी मर झाली तर काढ्याचा विचारही करू नये. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला होता. अशा वेळी मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे हेच कर्तव्य आहे.

हा संदेश लोकांना पटतो, त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते, ती बर्फात आणावी लागते आणि एकदा द्रावण केले की दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्या असलेल्या बाईला हे एकटीने परवडणारे नाही. त्यामुळे वस्तीतल्या घरांनी एकच संध्याकाळ ठरवून, कोंबड्या खुराड्यात परतल्यावर, एकाच कुपीतून सर्वांना लस द्यावी. सुमारे 28 व्या दिवशी लासोटाची दुसरी मात्रा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास राणीखेतचीच, पण टोचून द्यायची आर-टू-बी लसही अशीच सगळ्यांनी मिळून देता येते.