‘सत्तरीनंतर हात लावू नका’ म्हणे!

परवा मामांकडे गेलो तर ते ओट्यापाशी उभे. काचेच्या ग्लासात लिंबू पिळलेलं, त्यात चमचाभर खायचा सोडा, फेस उतू जाऊन ओट्यावर सांडतोय आणि मामा तो खाली बसायची वाट बघतायत. वय ७६. नुकताच अन्ननलिकेत कॅन्सरचा डाग सापडलेला. भिंतीवरच्या कॅलेंडरात गुरुवारच्या चौकटीत मामीने ‘दुर्बीण’, म्हणजे एंडोस्कोपी, असं लिहिलं होतं, त्यावर निळ्या पेनाने फुली. ‘हे काय?’ म्हटलं तर मोबाइल पुढे केला. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आलेला मेसेज, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’.

मेसेजमध्ये पाच गोष्टी होत्या. गिळायला त्रास नसेल तर अन्ननलिकेचा कॅन्सर नाही, डॉक्टर घाबरवतात. बायोप्सीने कॅन्सर पसरतो. उपाय एकच, छाती फाडून ऑपरेशन, आणि सत्तरीनंतरचा माणूस टेबलावरच जातो. केमो आणि शेक (रेडिएशन) हा कमिशनचा धंदा. म्हणून रोज उपाशीपोटी लिंबू-सोडा घ्या, कॅन्सर आम्लात जगतो, हे सांगणाऱ्याला नोबेल मिळालंय. शेवटी अर्थातच, ‘दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल.’

सोड्यापासूनच सुरू करतो, कारण तो माझ्या डोळ्यांदेखत फसफसत होता. लिंबू आम्ल, सोडा अल्क. दोन्ही एकत्र केले की ते एकमेकांना मारतात आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. तोच तो फेस. म्हणजे मेसेजवाल्याचं औषध पोटात जायच्या आधी ओट्यावरच निम्मं संपलं. उरलेलं अन्ननलिकेतून काही सेकंदांत खाली जठरात उतरतं, तिथे आधीच कडक आम्ल आहे. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये घट्ट धरून ठेवतं. फुप्फुसं आणि मूत्रपिंडं चोवीस तास तेच करतात, त्यांना तुमच्या लिंबाची गरज नाही. नोबेलचं म्हणाल तर जर्मनीच्या ओट्टो वॉरबर्गना १९३१ साली ते खरंच मिळालं, पण पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरच्या पेशी साखर आंबवून लॅक्टिक आम्ल तयार करतात हे त्यांनी दाखवलं होतं, हेही खरं. पण म्हणजे कॅन्सर ते आम्ल तयार करतो, आम्ल कॅन्सरला नाही. धुरामुळे आग लागली म्हणून धूर पुसत बसण्यातला हा प्रकार. आणि एक सपाट चमचा खाण्याच्या सोड्यात साधारण १२५० मिलिग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० च्या आत आहे. मामांना बीपीची गोळी आहे. वरणात मीठ जास्त पडलं तर मामी हात मारून घेते कपाळावर, आणि इकडे हे रोज चमचाभर!

पण सोडा हा नुसता मूर्खपणा आहे. माणूस मारेल तो पहिला मुद्दा, ‘त्रास नाही म्हणजे कॅन्सर नाही’. मामांना गिळायला काडीचा त्रास नाही. भाकरी, पिठलं, सगळं नीट उतरतं. हिमोग्लोबिन कमी का म्हणून एंडोस्कोपी केली आणि योगायोगाने दिसलं. अन्ननलिका लवचिक नळी आहे. घास अडकायला लागतो तोपर्यंत गाठीने आतली बरीच जागा खाल्लेली असते, आणि तोवर ती सहसा भिंतीच्या खोलच्या थरांत घुसलेली असते. म्हणजे ज्या काळात हा आजार सर्वांत सोप्या उपायाने निघतो, नेमक्या त्याच काळात तो बोलत नाही. मामांच्या रिपोर्टमध्ये फोटो आहेत. आयोडीन फवारल्यावर निरोगी अस्तर तपकिरी झालंय आणि मधेच एक फिकट डाग रंग न घेता तसाच राहिलाय, ओल आलेल्या भिंतीवरचा रंग उडावा तसा. पेन्सिलच्या टोकाने दाखवल्याशिवाय मलाही कळला नसता. तो डाग किती खोल आहे ते बघायला गुरुवारची दुर्बीण होती. ज्या तारखेवर फुली मारली, ती हीच.

खोलीवर सगळं ठरतं. वरच्या अस्तरापुरता असेल तर लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) पसरलेला असण्याची शक्यता फार कमी. त्याखालच्या थरात, सबम्युकोसात शिरला की ती झपाट्याने वाढते. म्हणूनच ‘एकच उपाय, छाती फाडून’ हे धादांत खोटं आहे. अस्तरापुरता असलेला डाग दुर्बिणीतूनच काढतात. डागाखाली द्रव टोचून तो फोडासारखा उचलायचा, भोवतीने कापायचा आणि अखंड सोलून बाहेर काढायचा. जपानी डॉक्टरांनी बसवलेली ही पद्धत, ईएसडी म्हणतात. छातीवर चीर नाही, अन्ननलिका जागच्या जागी. निघालेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि खरी खोली तिथे कळते. फुकट काहीच नाही: रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित भोक पडतं, आणि नळीच्या घेराचा तीन-चतुर्थांश भाग सोलला तर जखम भरताना नळी आवळू शकते, मग फुग्याने रुंद करत बसावं लागतं. पण हे ‘टेबलावरच जातो’ नव्हे.

आणि खोल निघाला तर? तेव्हाही दोन वाटा आहेत. जपानमध्ये जेसीओजी ०५०२ नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सबम्युकोसात शिरलेला, ग्रंथींत न गेलेला स्क्वॅमस, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. पेशींचा प्रकार मामांचाच. चिठ्ठ्या टाकून उपचार ठरवायचा बेत होता, पण लोकांनी ऐकलं नाही, जवळपास सगळ्यांनी आपापला उपचार निवडला. २०९ जणांनी ऑपरेशन, १५९ जणांनी केमोसोबत शेक. पाच वर्षांनी हयात: ऑपरेशनवाले ८६.५ टक्के, केमो-शेकवाले ८५.५ टक्के. शेकवाल्यांत आजार परत डोकावण्याचं प्रमाण जास्त होतं, म्हणून त्यांना वारंवार दुर्बिणीला यावं लागतं, आणि परत आलेल्यांपैकी काहींचा तो पुन्हा दुर्बिणीतूनच काढता आला. जवळपास शंभरातले पंच्याऐंशी, आधी अन्ननलिका न कापता! ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्याने हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. मेसेजमधला ‘ऑपरेशन फार मोठं’ हा भाग खोटा नाही. अन्ननलिका काढून जठर वर ओढून जोडायचं, छाती आणि पोट दोन्ही ठिकाणी काम, नंतर न्यूमोनिया आणि जोड गळण्याची भीती. वर सांगितलेल्या जपानी अभ्यासातही पंचाहत्तरीच्या पुढच्यांना घेतलंच नव्हतं, मामा एका वर्षाने बाहेर. पण वयाच्या दाखल्यावर फुप्फुसं लिहिलेली नसतात. जिना चढताना दम लागतो का, वजन किती उतरलं, मूत्रपिंडं कशी, घरी करणारं कोण, हे बघून ठरवायचं असतं. चीनमध्ये ७० ते ८५ वयाच्या २९८ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या शेकाने दोन वर्षांनी ३५.८ टक्के हयात होते, सोबत एस-१ या केमोच्या गोळ्या दिल्यावर ५३.२ टक्के. त्यांचा आजार बहुतेक मामांपेक्षा पुढे गेलेला होता, तरी म्हाताऱ्याला केमो झेपतच नाही असं म्हणायची सोय राहत नाही. हृदय खरंच थकलेलं असेल, दुसरं दुखणं आधी नेणार असेल, तर काही न करणं हाही शहाणा निर्णय असू शकतो. तो तपासून घ्यायचा, बागेतल्या बाकावर बसून नाही.

बायोप्सीचं काय बोलायचं! तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा चिमट्याने घेतात, त्याशिवाय कॅन्सर की नुसती सूज हेच कळत नाही. कमिशनचं म्हणाल तर बिलं बघून माझंही डोकं फिरतं, एका खासगी ठिकाणचा अंदाजी आकडा ऐकून मामी खालीच बसली होती. मग दुसरं मत घ्या ना. परळचं टाटा मेमोरियल अणुऊर्जा विभागाखाली चालतं, फाइल घेऊन तिथे जाता येतं. सोड्याच्या पुडीकडून दुसरं मत घेतात का कुणी?

तास-दीड तास हे सगळं मामांना सांगितलं. ते गप्प होते. मग म्हणाले, ‘म्हणजे साल काढल्यासारखं?’ तसंच, म्हटलं. मामीने फोन लावून पुढच्या सोमवारची वेळ घेतली.

मामांनी तो मेसेज अकरा जणांना पाठवला होता. त्या अकरा जणांची नावं मी त्यांच्याच मोबाइलवरून उतरवून घेतली आहेत.