मांजराला उपाशी ठेवून लळा लागत नाही

परवा रात्री मावशीचा फोन आला. सोसायटीच्या आवारात फिरणारी दीडेक वर्षाची मांजरी तिनं घरात घेतली आहे. चिंगी नाव ठेवलंय. "अगं, काल आणली तेव्हापासून कपाटाखालून बाहेरच येत नाहीये. मी खायलाही काही दिलं नाहीये. त्या मेसेजमध्ये तसंच लिहिलंय ना!"

मेसेज म्हणजे 'मांजर माणसाळवण्याचे 6 हमखास उपाय'. मलाही तो तीन गटांतून आला होता. उघडूनही पाहिला नव्हता. आता वाचला आणि डोकं फिरलं.

पहिलाच उपाय असा: 'नवीन मांजराला खोलीत कोंडून दोन-तीन दिवस उपाशी ठेवा. चौथ्या दिवशी हातानं भरवा. जन्मभर तुमचं होईल.'

हे लिहिणाऱ्यानं मांजर कधी पाळलंय का? मांजराचं शरीर आपल्यासारखं उपास झेलत नाही. पोटात अन्न जाईनासं झालं की अंगावरची चरबी भराभर यकृताकडे येते, आणि मांजराच्या यकृताला ती तेवढ्या वेगानं वापरता येत नाही. ती तिथेच साठत जाते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. जाड मांजराला धोका जास्त, आणि त्यासाठी महिनाभराची उपासमार लागत नाही, काही दिवस पुरतात. कावीळ होते, मांजराची अन्नावरची वासनाच उडते, मग नळीनं भरवावं लागतं. उपचाराला उशीर झाला तर ते दगावतं. म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही प्रेमानं घास पुढे कराल तेव्हा कदाचित ते तोंडच फिरवेल, आणि तुम्ही म्हणाल, 'किती हट्टी आहे!' नव्या मांजरानं पूर्ण दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तर वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा.

कपाटाखाली बसलेलं मांजर हट्टाला पेटलेलं नसतं, ते घाबरलेलं असतं. मिक्सरचा आवाज, फिनेलचा वास, दारावरची बेल, सगळंच त्याला नवीन. पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत ठेवावं, एवढं त्या मेसेजमधलं मला मान्य करावं लागेल. पण त्या खोलीत अन्न हवं, पाणी हवं, त्यापासून लांब वाळूचा ट्रे हवा, आणि लपायला एखादं आडवं ठेवलेलं खोकं हवं. आपण जमिनीवर बसून पेपर वाचावा. टक लावून बघू नये, ओढून बाहेर काढू नये. ते जवळ आलं तर बोट पुढे करावं, हुंगू द्यावं, गाल घासला तर गालावर आणि हनुवटीखाली खाजवावं. ते उठून गेलं तर जाऊ द्यावं. हवं तेव्हा निघून जाता येतं हे कळलं की मांजर परत येतं.

दुसरा उपाय, 'चावलं तर मानगूट धरून उचला, आईही तसंच करते.' आई हे चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाचं करते. चार किलोचं मांजर तसं लटकवलं की त्याला दुखतं, आणि तुमच्या हाताची भीती बसते. बस्स.

तिसरा, 'पिल्लू महिन्याच्या आतच आईपासून आणा.' लहानपणीच माणसाचा हात लागायला हवा, हे अर्धं खरं आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जे ओळखीचं करतं, त्याची भीती पुढे कमी राहते. पण तो हात आई जवळ असताना लागायला हवा. हेलसिंकी विद्यापीठानं 2017 साली 5,726 मांजरांची माहिती तपासली, तेव्हा 8 आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकपणा जास्त आढळला.

चौथं वाक्य तर पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय: 'मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही.' अमेरिकेत ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिलं. 2019 साली ते प्रसिद्ध झालं. पिल्लू अनोळखी खोलीत दोन मिनिटं पालकाबरोबर, मग दोन मिनिटं एकटं, मग पालक परत. ज्यांची वर्गवारी करता आली अशा 70 पिल्लांपैकी 64 टक्के पिल्लं माणूस परत येताच निवांत झाली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. मोठ्या मांजरांतही प्रमाण जवळपास तेवढंच. माणसाच्या बाळांच्या अशाच चाचण्यांतही ते 65 टक्क्यांच्या आसपास येतं. खोली अनोळखी होती, म्हणजे आधार वाटला तो माणसाचाच.

दूध-पोळीवर मांजर जगतं म्हणे. मांजर मांसाहारी प्राणी आहे, आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. शेवटचा मुद्दा, 'ते झोपाळूच असतं, खेळवायची गरज नाही.' झोपतं खरं, पण पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याला शिकार हवी असते. काठीला दोरी, दोरीला चिंधी, दहा मिनिटं पळवा, शेवटी पकडू द्या आणि मग जेवण. दिवसभर कंटाळलेलं मांजरच रात्री पायांवर झडप घालतं.

मावशीनं त्याच रात्री कपाटाजवळ उकडलेल्या चिकनची वाटी ठेवली आणि दिवा मालवून निघून गेली. सकाळी वाटी रिकामी होती. पण तिनं तो मेसेज भिशीच्या गटात आधीच पुढे पाठवला होता, आणि तिथल्या दोघींनी याच महिन्यात पिल्लं आणली आहेत. आज सकाळपासून ती त्यांना फोन लावतेय. एकीनं उचलला आहे, दुसरीचा अजून लागत नाहीये.