डब्यावरचं गाव

आमच्या घरी मे महिना कडकीचा. आईनं शिवाजीनगर गावठाणात बावीस वर्षं डबे दिले, बहुतेक सगळे सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांना. परीक्षा संपून पोरं गावी गेली की चूल थंड. किराणावाला काही न विचारता उधारी वहीत मांडायचा, कारण त्याचाही धंदा तेव्हा बसलेलाच असायचा. झेरॉक्सवाला, इस्त्रीवाला, कॉट बेसिसवर जागा देणाऱ्या शेजारच्या आजी, सगळ्यांचं वर्ष कॉलेज उघडलं की सुरू व्हायचं. परभणी, बुलढाणा, जत ही गावं मला नकाशाच्या आधी कळली ती डब्यांवर ऑइलपेंटनं लिहिलेली म्हणून.

हे आठवलं कारण परवा सोसायटीच्या ग्रुपवर एकानं या कॉलेजच्या पोरांबद्दल लिहिलं, "सरकारी पैशावर शिकायचं आणि अमेरिकेला पळायचं. पुण्याला काय मिळालं?"

पळतात, खरंय. पण बाहेरून येणाऱ्यांचंही बघा की. १८५४ मध्ये हे कॉलेज शाळा म्हणून निघालं ते सरकारी बांधकामांवर हाताखाली माणसं हवीत म्हणून. पुढे म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन एक पोरगा इथं शिकायला आला आणि इंजिनीअर होऊन मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागला. विश्वेश्वरय्या. खडकवासल्याला त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे बसले १९०३ च्या सुमारास. भिंत न वाढवता धरणात पाणी जास्त मावू लागलं. ग्रुपवर लिहिणाऱ्या गृहस्थांच्या नळाला त्याच खडकवासल्याचं पाणी येतं. (येतं तेव्हा.)

२०१६ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला किलोभर वजनाचा 'स्वयम्' उपग्रह इस्रोनं सोडला, तेव्हा कौतुक झालं. व्हायलाच हवं. मला मात्र कॉलेजचं मैदान जास्त मोलाचं वाटतं. ऑगस्ट २०२० मध्ये कोविडच्या पेशंटांना गावात खाट मिळेना, तेव्हा त्याच मैदानावर ८०० खाटांचं जम्बो रुग्णालय उभं राहिलं. सुरुवातीच्या कारभाराबद्दल ओरड झाली, आणि ती रास्तच होती. पण भर शहरात एवढी मोकळी जागा शिल्लक होती, ती सरकारी कॉलेजची होती म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर तिथं केव्हाच टॉवर उभे राहिले असते.

२०२२ पासून सीओईपी स्वतःच विद्यापीठ झालंय. चांगलं आहे. मला धास्ती एवढीच की त्या नादात फी चढत गेली तर जतचा पोरगा यायचाच नाही, आणि मग गावठाणात डबे कुणासाठी भरायचे? दोन महिने पैसे थकले तरी आई कुणाचा डबा बंद करत नव्हती, "घरून आले की दे रे" म्हणायची. फीच्या खिडकीवर तसं कुणी म्हणत नाही.

म्हैसूरच्या त्या पोरालाही शिष्यवृत्ती लागलीच होती.