‘एका बुडाच्या अनुभवावर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘मूळव्याधीचं ऑपरेशन : अकरा वर्षांनंतर’ या माझ्या लेखावर आपण सात ओळी लिहिल्यात. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपलं म्हणणं असं, की स्टेपलरच्या ऑपरेशननंतर मूळव्याध पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे मी लिहिलं नाही. ऑपरेशननंतर काहींचा वायूवरचा, शौचावरचा ताबा सैल होतो, तेही लिहिलं नाही. मोड कापून काढण्याच्या मिलिगन-मॉर्गन पद्धतीचं साल चुकलं. आणि शेवटी : ‘स्वतःच्या एका बुडाच्या अनुभवावर लोकांना टेबलावर झोपवू नका.’

सालाचं आधी उरकतो. १९५७ नव्हे, १९३७. चूक माझी. लेखात दुरुस्त केली आहे, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. लिहिताना आपल्याला हसू आलं असणार. दुसऱ्याचं बूड असतं तर मलाही आलं असतं.

हे दुखणं मी आठ वर्षं लपवलं. घरातसुद्धा. बैठकीत एका कुल्ल्यावर भार टाकून बसायचं, प्रवासाच्या आदल्या रात्री जेवायचं नाही, शौचाहून उठताना खाली बघायचं नाही. मोड बाहेर येत आणि बोटाने आत ढकलावे लागत. डॉक्टर त्याला तिसरी ग्रेड म्हणतात. दोनदा मोडांच्या मुळाशी रबर बँड लावून घेतले, दोन्ही वेळा त्रास परतला. मग कापून काढले. त्यानंतरच्या पहिल्या शौचाच्या वेळी मी नळ पूर्ण सोडून ठेवला होता, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. हे सगळं नावानिशी लिहायला मला अकरा वर्षं लागली. आपण टोपणनावाने एका ओळीत त्याचा विनोद केलात. ‘एक जाणता वाचक’! बरं.

आणि ‘झोपवू नका’ म्हणजे काय? मी सर्जन नाही, कुणाचा एजंट नाही. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात ‘माझं’ हा शब्द चार वेळा आला आहे. मोजून पाहा. एकाचा अनुभव हा एकाचाच असतो, हे कळायला मला जाणत्या वाचकाची गरज नाही.

राहिला स्टेपलर. तो मी आणलाच नव्हता, तुम्ही आणलात. आणलाच आहे तर नीट बोलू. इटलीचे सर्जन लाँगो यांनी १९९८मध्ये पुढे आणलेल्या त्या पद्धतीत मोड कापत नाहीत. वरच्या अस्तराचं एक कडं कापून मोड वर ओढून घेतात आणि तिथेच पिना मारतात. जे काढलंच नाही ते पुन्हा खाली उतरू शकतं, यात नवल ते काय? ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर स्टेपलर आणि कापून काढणं या दोन पद्धतींची तुलना झाली. निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. स्टेपलरवाल्यांना सुरुवातीला कमी दुखलं, पण दोन वर्षांच्या हिशेबात कापून काढलेले जास्त सुखी निघाले आणि त्रास परत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात कमी होतं. म्हणजे तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. तो माझ्यावर का उगारलात, हे तुम्हालाच ठाऊक. बँडचंही तसंच. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या चाचणीत वर्षभरात बँडवाल्यांपैकी ४९ टक्के लोकांचा त्रास परत आला होता, डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह शोधणारं यंत्र, लावून मोडांच्या रक्तवाहिन्या बांधलेल्यांपैकी ३० टक्के लोकांचा. माझे बँड दोनदा फसले ते माझ्या कर्माने नव्हे, एवढं तरी मान्य करा.

ताब्याबद्दल : होय, काहींच्या बाबतीत होतं. मोड म्हणजे आकाशातून पडलेली गाठ नव्हे. गुदद्वार घट्ट मिटावं म्हणून सगळ्यांनाच जन्मतः असलेल्या त्या उशा, फुगून खाली सरकलेल्या. त्या नको तेवढ्या काढल्या किंवा खालचा स्नायू दुखावला तर फरक पडणारच. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. असो.

‘अकरा वर्षांत एकदाही परत झालं नाही’ हे माझं वाक्य तुम्ही अवतरणात टाकून पुढे प्रश्नचिन्ह मारलंत. ते वाक्य मी मागे घेत नाही. गेल्या दोन वर्षांत, शौच कडक झालेलं असताना, तीन-चारदा रक्त दिसलं. चार थेंब. मोड बाहेर येत नाहीत, काही ढकलावं लागत नाही. याला मी ‘परत होणं’ म्हणत नाही. लेखात हे का नव्हतं, तर लेख ऑपरेशनबद्दल होता, माझ्या रोजनिशीबद्दल नव्हता.

डॉक्टर मात्र म्हणाले की या वयात रक्त दिसलं तर सगळं मूळव्याधीच्या खात्यावर टाकून मोकळं व्हायचं नसतं, आत दुर्बीण घालून बघायला हवं. पुढच्या मंगळवारी कोलोनोस्कोपी आहे. तेव्हा यावर आपण आणखी काही लिहिलंत, तर उत्तराला उशीर होईल.