पुलाची नाडी पाहू नये, याविषयी थोडे मार्गदर्शन

आपल्या ताब्यात एखादा पूल असेल, तर पुलाचे दुखणे कळले की ते आपल्या गळ्यात पडते, एवढे आधी ध्यानात घ्यावे. पूर्वी ते न कळण्याची तजवीज फारशी करावी लागत नसे. आता मात्र काठावर तिपाई मांडून, पुलाला हातही न लावता, परतलेल्या लेसर किरणाच्या वारंवारतेतील फरकावरून गर्डर किती वेगाने थरथरतो हे सांगणारी माणसे निघाली आहेत. रडारवाले तर शेकडो मीटरवरून मिलिमीटरच्या अंशाएवढी हालचाल टिपतात. वाहतूक थांबवावी लागत नसल्यामुळे, ‘पूल बंद ठेवता येत नाही’ हे आपले हुकमी कारणही हातचे गेले आहे.

यावर पहिला उपाय म्हणजे पूल नवा, धडधाकट असताना त्याची कंपने मुळीच मोजून ठेवू नयेत. मूळची नोंदच नसली, की बिघाड कशाच्या तुलनेत, हा प्रश्न आपल्याला गंभीर चेहऱ्याने विचारता येतो.

तरीही एखादा अभियंता आलेख घेऊन आलाच आणि नैसर्गिक वारंवारता, म्हणजे पूल आपणहून सेकंदाला जितक्या वेळा थरथरतो तो आकडा, ५ टक्क्यांनी घसरल्याचे सांगू लागला, तर ‘पाचच ना?’ म्हणून त्याला चहा द्यावा. वारंवारता ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वजन तेच असेल तर ताठरता सुमारे १० टक्क्यांनी गेली, हे वाक्य त्याला पुरे करू देऊ नये. केलेच, तर ‘हवामानामुळे असेल’ म्हणावे. या उत्तराची खुबी अशी, की ते कधीकधी खरेही असते. स्वित्झर्लंडमधील झेड-२४ हा पूल पाडण्यापूर्वी १९९७-९८ मध्ये त्याची कंपने अनेक महिने मोजली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत डांबराचा थर ताठर होऊन वारंवारता चढलेली दिसली. म्हणून जाणकार कंपनांबरोबर तापमानही नोंदवतात आणि त्याचा परिणाम वजा करतात. आपण तापमापक खरेदीचा प्रस्ताव तेवढा प्रलंबित ठेवावा.

एवढे करूनही दोष उघड झालाच, तर घाबरू नये. कळणे आणि वळणे यांत भरपूर अंतर ठेवता येते. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील आय-३५ डब्ल्यू पुलाच्या सांध्यांवरील काही पोलादी पट्ट्या, ज्या मुळातच हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या, वाकलेल्या असल्याचे २००३ मधील छायाचित्रांत दिसते, आणि त्यासाठी लेसर लागला नव्हता, रडारही नव्हते. १ ऑगस्ट २००७ रोजी तो पूल कोसळून १३ माणसे गेली. छायाचित्रे चौकशी अहवालात छापण्याइतकी स्वच्छ आली होती.