‘बसेल हळूहळू’ हे आमचं उत्तर चुकलं

नमस्कार सर,

आमच्या वर्कशॉपला तुम्ही दिलेला एक तारा आणि त्याखालचा रिव्ह्यू दोन्ही वाचले. गाडीची उंची वाढवणारी लिफ्ट (उंच स्प्रिंगांचा संच) आमच्याकडे बसवल्यापासून पुढची उजवी स्प्रिंग घासतेय, स्पीडब्रेकरवर करकर येते, कॉइलचा, म्हणजे स्प्रिंगच्या वेटोळ्याचा, रंग उडालाय, दोनदा येऊनही ‘नवीन आहे, बसेल हळूहळू’ असं सांगून आम्ही परत पाठवलं, आणि स्प्रिंगच हलक्या दर्जाची असणार, असं तुम्ही लिहिलंय. यातलं शेवटचं सोडून बाकी सगळं मला मान्य आहे.

नवी स्प्रिंग थोडी बसते, म्हणजे उंची जराशी कमी होते, हे खरं. पण बसल्याने घासणं थांबत नाही. दोन धातू एकमेकांना टेकतायत तर ते का टेकतायत हे शोधायचं असतं, आणि ते आमच्याकडून झालं नाही. तुमचं जॉब कार्ड काढून पाहिलं. दुसऱ्या वेळी आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाने चॅसीपासून (गाडीच्या सांगाड्यापासून) टायरपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजलं होतं. ११ मिमीचा फरक कार्डच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला आहे, आणि पुढे त्याचं कुणी काहीच केलेलं नाही. ‘उजवा टायर जरा जास्त बाहेर दिसतो’ असं तुम्ही त्याच वेळी म्हणाला होतात. खरं तर निदान तुम्हीच करून दिलं होतं.

हे कसं होतं ते सांगतो, इतर लिफ्टवाल्यांनाही उपयोग होईल. तुमच्या गाडीला पुढे सलग ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यावर आहेत, आणि तो डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा पॅनहार्ड रॉड असतो. त्याचं एक टोक चॅसीला, तुमच्या गाडीत उजव्या बाजूला, आणि दुसरं ॲक्सलला डावीकडे. लिफ्टने गाडी उंच झाली की रॉड जास्त तिरका होतो. लांबी तीच, पण आडवं अंतर कमी पडतं, म्हणून तो ॲक्सलला चॅसीकडच्या टोकाच्या दिशेने ओढतो. ८०० मिमीच्या रॉडचं ॲक्सलकडचं टोक मुळात ६० मिमी खाली असेल, तर ५० मिमीच्या लिफ्टनंतर ॲक्सल साधारण ५ मिमी सरकतो. लिफ्ट १०० मिमी केली तर हे सरकणं १० नाही, १४ मिमीच्या आसपास जातं. दोन्ही बाजूंच्या मापातला फरक सरकण्याच्या दुप्पट दिसतो, त्यामुळे तुमचे ११ मिमी त्या ५ मिमीच्या हिशोबात चपखल बसतात.

स्प्रिंगचं वरचं टोक चॅसीत, खालचं ॲक्सलवर. ॲक्सल सरकला की खालचं टोक त्याच्याबरोबर जातं, स्प्रिंग किंचित वाकते आणि आतल्या बंप स्टॉपच्या (ॲक्सल फार वर येऊ नये म्हणून चॅसीला लावलेल्या अडथळ्याच्या) वाटीला कॉइल टेकते. तुम्ही टाकलेल्या फोटोत उजव्या स्प्रिंगची घासल्याची खूण इंजिनच्या बाजूला आहे, आणि डाव्या स्प्रिंगवर चाकाच्या बाजूला पुसटशी. म्हणजे दोन्ही खुणा एकाच दिशेला. अख्खा ॲक्सल एकीकडे गेल्याचं हेच लक्षण. दोन्ही खुणा पुढच्या अंगाला असत्या तर मी कंट्रोल आर्मकडे, म्हणजे ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणाऱ्या दांड्यांकडे, बघितलं असतं, कारण लिफ्टनंतर ते तिरके होऊन ॲक्सलला मागे ओढतात.

नुसत्या ५ मिमीने बहुतेक वेळा आवाज येत नाही. तुमच्या उजव्या बाजूला अजून एक गोष्ट आहे, आणि तीही आमचीच. फोटो मोठा करून पाहिला तर वरचा रबरी पॅड एका बाजूला सरकलेला दिसतो, आणि कॉइलचं टोक त्याच्या खाचेतल्या टप्प्यापासून बोटभर लांब थांबलंय. बसवताना स्प्रिंग फिरवून टोक टप्प्याला भिडवायचं असतं. एवढ्या तिरकेपणावर ॲक्सलची ओढ आली की कॉइल वाटीला टेकतेच.

स्प्रिंगच्या दर्जाबद्दल मात्र मी ऐकून घेणार नाही. हलकी असती तर ती खचली असती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्हीकडे सारखी आहे, कार्डवर तीही मापं आहेत. डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदलही झालेली नाही, तुमच्याच फोटोत लेबल दिसतायत.

तुम्ही लिहिलंय की दुसऱ्या एका मिस्त्रीने कॉइलवर रबरी पाइप चिरून चढवला आणि आवाज थांबला. तो पाइप काढा. आवाज दबलाय, घासणं नाही. आत रेती आणि पाणी अडकतं, रंग गेलेली जागा गंजते आणि दिसतही नाही. स्प्रिंगच्या पोलादाचं आयुष्य त्याच्या वरच्या थरावर असतं. तिथे ओरखडा किंवा गंजाचा खड्डा पडला की तडा तिथूनच सुरू होतो. वाटी ग्राइंडरने घासून जागा करू, किंवा स्प्रिंग गरम करून वाकवू, असं कुणी सुचवलं तर गाडी घेऊन निघून या.

आमच्याकडचं काम असं. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड घालून ॲक्सल मध्यावर आणू, तेही गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. पॅड नवे टाकून दोन्ही स्प्रिंग पुन्हा बसवू. बुशांचे (दांड्यांच्या टोकांतल्या रबरी सांध्यांचे) सगळे बोल्ट सैल करून खाली उभ्या गाडीवर परत आवळू. पहिल्या वेळी ते रॅम्पवर चाकं लोंबकळत असतानाच आवळले गेले असं मुलांकडून कळलं. त्याने रबर कायम पिळलेलं राहतं आणि बुश लवकर फाटतात. रॉड बदलला की स्टिअरिंगचा मध्यही हलतो, तो आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून देऊ. खुणेवर नख फिरवून बघेन. नख अडकलं तर दोन्ही स्प्रिंग नव्या, जोडीने. यातल्या कशाचेही पैसे नाहीत, रॉडचेही नाहीत. तो लिफ्टबरोबरच सुचवायला हवा होता. ५०० किमी झाल्यावर पुन्हा एकदा दाखवा, बोल्ट तपासायचे आहेत.

एक गोष्ट मात्र आजच बघा. दुसऱ्या फोटोत उजव्या चाकाचा ब्रेकचा रबरी पाइप कॉइलच्या फार जवळ दिसतोय. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तो कुठे टेकतो का पाहा. त्यावर घासल्याची जरा जरी खूण असेल तर गाडी चालवू नका, आम्ही उचलून आणतो.

आणि येताना गाडी रिकामी करून आणू नका. मागचं सामान, टूलबॉक्स, वरचं कॅरिअर, रोज जसं असतं तसंच राहू द्या. मापं त्याच वजनावर घ्यायची आहेत, आणि या वेळी टेप मी स्वतः धरणार आहे.